मरणोन्मुखाची शुश्रूषा

इ. स. १९४८ च्या फेब्रुवारी महिन्यात लंडनमधील आर्चवे रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू गृहस्थ कर्करोगाने मरण पावला. वय अवघे चाळीस. तो मूळचा वॉर्साचा. लंडनमध्ये उपाहारगृहात वाढप्याचे काम करून तो पोट भरीत असे, आणि त्या अफाट शहरात त्याला आपले म्हणावे असे कोणी नव्हते. गजबजलेल्या वॉर्डात पडल्या पडल्या त्याला एकच विचार छळीत असे. आपण जगलो काय आणि मेलो काय, मागे कसलीच खूण राहणार नाही. त्याच्या खाटेजवळ येऊन बसणारी एकच व्यक्ती होती. ती म्हणजे सिसिली साँडर्स नावाची, तिशीच्या उंबरठ्यावरची एक समाजसेविका. रुग्णांच्या घरच्या व पैशाच्या अडचणी पाहणे हे तिचे काम. परंतु ती येथे येई ती कामाच्या वेळेबाहेर. दोघांच्या बोलण्यात वारंवार एक कल्पना येई. अशा माणसांना निवांतपणे मरता येईल, त्यांच्या वेदना कोणी जाणील आणि त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेईल, असे एखादे घर असावे. मरताना टास्माने आपल्याजवळचे पाचशे पौंड सिसिलीबाईंच्या नावे ठेवले आणि सांगितले की, तुझ्या त्या घराला मी एक खिडकी होईन.

घराचा तेव्हा पत्ता नव्हता. ते उभे राहावयास एकोणीस वर्षे लागली. या एकोणीस वर्षांत सिसिलीबाईंनी जे केले त्यात नवीन औषधाचा शोध कोठेच नाही, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. अफूचा गुण माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने तिच्यातून मॉर्फीन वेगळे काढले, आणि १८५३ च्या सुमारास ते सुईने टोचण्याची सोयही झाली. म्हणजे टास्मा मरत होता तेव्हा त्याच्या वेदनेवरचे औषध प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात शंभर वर्षे पडून होते. प्रश्न होता तो ते कपाट कोणी, केव्हा आणि किती वेळा उघडावयाचे एवढाच. हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. पण त्याचे उत्तर मिळावयास एका परिचारिकेला डॉक्टर व्हावे लागले.

वैद्य आणि मरणोन्मुख माणूस यांचा संबंध मुळातच तुटक होता. चरकसंहितेत रोगांचे साध्य आणि असाध्य असे भेद करून, असाध्य रोग्याला हाती धरणाऱ्या वैद्याच्या द्रव्याची, विद्येची व कीर्तीची हानी होते असा स्पष्ट इशारा दिला आहे. ग्रीसमधील हिपॉक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांतही, रोगाने पुरता ग्रासलेल्या माणसावर उपचार करण्याचे वैद्याने नाकारावे असा उपदेश आढळतो. इतक्या दूरच्या दोन देशांत एकच नियम निघावा यात आश्चर्य नाही. त्यामागे निष्ठुरता होती असेही म्हणता येत नाही. असाध्य रोग बरा करतो असे सांगून पैसे उकळणाऱ्या भोंदू माणसापासून खऱ्या वैद्याला वेगळे ठेवणारी ती एक मर्यादा होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की, वैद्याने मान हलविली की तो उठून जाई, आणि मागे राहत ती घरची माणसे व उपाध्याय. आपल्याकडे तोंडात गंगाजल व तुळशीपत्र घालणारे हात घरचेच असत. ज्याला शक्य असे तो काशीवासाला जाई. या प्रथेत ऊब होती, यात शंका नाही. पण हाडात पसरलेल्या कर्करोगाची वेदना उबेने शमत नाही. तिला औषध लागते, आणि औषध देणारा तर उंबऱ्याबाहेर गेलेला असे.

युरोपात ही उणीव प्रथम जाणवली ती स्त्रियांना. फ्रान्समधील लिओं शहरात झान गार्निए नावाची एक तरुण विधवा होती. पती आणि दोन्ही मुले गमावल्यावर तिने १८४२ मध्ये आपल्यासारख्याच विधवांची एक संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी असाध्य रोगांनी पीडित अशा गरीब स्त्रियांसाठी घर उघडले. आयर्लंडमध्ये मेरी एकनहेड यांनी स्थापिलेल्या भगिनीमंडळाने १८७९ मध्ये डब्लिन येथे मरणोन्मुखांसाठी असेच घर चालू केले. त्याच मंडळाच्या भगिनींनी पुढे १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी या गरीब वस्तीत सेंट जोसेफ्सची स्थापना केली. या घरांना ‘हॉस्पिस’ म्हणत. मूळ लॅटिन शब्दात यजमान व पाहुणा या दोघांचाही अर्थ येतो, आणि मध्ययुगात तो यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागेला लावीत. आपल्या भाषेत त्याला धर्मशाळा हाच शब्द सर्वांत जवळचा.

डॉक्टरवर्गात याचा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नव्हे. १८८७ मध्ये विल्यम मंक या लंडनच्या वैद्याने सुखाने मरण येण्यास वैद्यकाने कसे साहाय्य करावे यावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. खोलीतील हवा, अंथरुणाची मांडणी, रोग्याला पाजावयाचे पेय आणि अफूचा निर्भयपणे केलेला उपयोग यांविषयी त्याने केलेल्या सूचना आजही वाचनीय आहेत. ग्रंथाच्या नावात त्याने ‘युथनेझिया’ हा शब्द घातला आहे. आज त्या शब्दाने जीव घेण्याचा बोध होतो; मंकच्या काळी त्याचा अर्थ फक्त सुलभ मृत्यू एवढाच होता. एका शब्दाचा अर्थ फिरला की त्याच्यामागे दडलेली एक चांगली विद्याही लोकांच्या दृष्टीआड होते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

आता त्या काळच्या मोठ्या रुग्णालयांत काय चाले ते पाहू. कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फीन मिळत नसे असे नाही; मिळे, पण ‘लागेल तेव्हा’. या दोन शब्दांत सगळी यातना साठविलेली होती. लागेल तेव्हा म्हणजे रोगी कण्हू लागेल तेव्हा. त्याने परिचारिकेला हाक मारावयाची, तिने घड्याळ पाहून, आताच तर दिले होते, थोडे थांबा, असे म्हणावयाचे, त्याने थांबावयाचे. वेदना असह्य झाल्यावर किल्ल्या आणून कपाट उघडले जाई, वहीत नोंद होई आणि सुई टोचली जाई. औषध अंगी लागून गुंगी येई, रोगी झोपे. आणि जागा होई तो पुन्हा वेदनेतच. मग पुन्हा हाक. जणू काही प्रत्येक मात्रा रोग्याने दुःख भोगून कमवावयाची होती. या व्यवस्थेच्या मुळाशी भय होते ते व्यसनाचे. मॉर्फीनची चटक लागेल, मात्रा वाढवीत न्यावी लागेल, आणि खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडणार नाही, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाई. चार आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाच्या व्यसनाची ही चिंता आज हास्यास्पद वाटते. पण ती वाहणारे लोक दुष्ट नव्हते, हेही खरे. शिवाय या भयाला त्यांच्या डोळ्यांसमोरच पुरावा मिळत असे. रोगी सारखा घड्याळाकडे पाहतो, पुढच्या मात्रेसाठी तळमळतो, परिचारिकेची विनवणी करतो. ही चटक नव्हे तर काय? ती तळमळ औषधाने नव्हे, तर औषध देण्याच्या रीतीने उत्पन्न केली होती, हे कोणाच्या लक्षात येत नव्हते.

आले होते ते एका लहानशा संस्थेतील परिचारिकांच्या. लंडनच्या बेजवॉटर भागात सेंट ल्यूक्स नावाचे, मरणोन्मुख गरिबांसाठी १८९३ मध्ये स्थापन झालेले एक घर होते. टास्माच्या मृत्यूनंतर सिसिलीबाई तेथे संध्याकाळी विनावेतन काम करू लागल्या. त्या मूळच्या परिचारिका. ऑक्सफर्डचे शिक्षण युद्ध सुरू झाल्यावर अर्धवट सोडून त्यांनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काढलेल्या शाळेत, परिचर्येचे शिक्षण घेतले होते. पण पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, म्हणून त्या समाजसेविकेच्या कामाकडे वळल्या. सेंट ल्यूक्समध्ये त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या आजवरच्या अनुभवाच्या अगदी उलट होते. तेथे मॉर्फीन पोटातून, ठरलेल्या मात्रेत, दर चार तासांनी देत. रोग्याने मागण्याची वाट पाहत नसत. पहिल्या मात्रेचा अंमल ओसरून वेदना डोके वर काढण्याच्या आधीच दुसरी मात्रा पोटात गेलेली असे. परिणाम असा की, रोगी गुंगीत पडून राहत नसत. उठून बसत, बोलत, पत्रे लिहीत. घड्याळाकडे कोणी पाहत नसे, कारण घड्याळाची काळजी आता परिचारिकेकडे होती. ही रीत तेथे कित्येक वर्षे चालत आलेली होती. पण परिचारिका शोधनिबंध लिहीत नाहीत, आणि गरिबांच्या घरी काय चालते ते पाहावयास विद्यापीठातील प्राध्यापक जात नाहीत. यामुळे बेजवॉटरमधील ज्ञान तेथेच राहिले होते.

सिसिलीबाईंनी नॉर्मन बॅरेट या आपल्या ओळखीच्या शस्त्रवैद्याजवळ मनोदय सांगितला की, मरणोन्मुख रोग्यांच्या सेवेसाठी परत परिचारिका व्हावे. बॅरेटसाहेबांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. त्यांचे म्हणणे असे की, परिचारिकेचे कोणी ऐकणार नाही; वैद्यक शीक, कारण मरणाऱ्याला टाकून जातो तो डॉक्टरच. आपल्या व्यवसायाविषयी इतके स्पष्ट बोलणारा माणूस विरळा. सिसिलीबाईंनी तो सल्ला मानला आणि १९५१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सेंट टॉमसच्या वैद्यक शाळेत नाव घातले. त्या १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढच्या वर्षी वेदनाशमनाच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवून हॅकनीच्या सेंट जोसेफ्समध्ये दाखल झाल्या.

येथील सात वर्षे हाच या इतिहासाचा गाभा आहे. सेंट जोसेफ्समधील भगिनींजवळ माया होती, शिस्त होती, स्वच्छता होती. नव्हते ते औषधाचे शास्त्र. सिसिलीबाईंनी सेंट ल्यूक्सची चार तासांची रीत येथे आणली, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे नोंद. किती मात्रा दिली, वेदना किती राहिली, मळमळ झाली काय, मात्रा वाढवावी लागली काय, हे प्रत्येक रोग्याबाबत लिहून ठेवले जाऊ लागले. हजाराहून अधिक रोग्यांच्या अशा नोंदी झाल्या. त्यांवरून दिसले ते सेंट ल्यूक्सच्या परिचारिकांना अंदाजाने ठाऊक असलेलेच. वेदना परतूच दिली नाही तर मात्रा भराभर वाढवावी लागत नाही, आणि रोगी औषधाचा दास होत नाही. अनुभव तोच होता. पण आता तो आकड्यांच्या भाषेत, डॉक्टरांच्या मासिकांत, एका डॉक्टरच्या सहीने छापून येऊ लागला. तेव्हा कोठे तो डॉक्टरांच्या कानी गेला.

नोंदीबरोबर त्या रोग्यांचे बोलणेही ध्वनिमुद्रित करून ठेवीत. त्यातूनच त्यांची दुसरी मोठी कल्पना निघाली. कोठे दुखते, असे एका बाईंना विचारले असता त्यांनी सांगितले की, सुरुवात पाठीपासून झाली, पण आता आपले सगळेच बिघडल्यासारखे वाटते. पुढे त्या पतीविषयी व मुलाविषयी बोलल्या. दोघेही आपले फार करतात, पण त्यासाठी त्यांचे काम बुडते आणि पैसे बुडतात. हे उत्तर ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला कळले की, शरीराची वेदना, मनाची भीती, घरच्यांची चिंता आणि हे सर्व माझ्याच वाट्याला का, हा प्रश्न, ही चार दुखणी एकमेकांत गुंतलेली आहेत. यांतील एकच सोडविले तर उरलेली तीन तिलाही पुन्हा ओढून घेतात. या सर्वांस मिळून सिसिलीबाईंनी १९६४ च्या सुमारास ‘समग्र वेदना’ या अर्थाचे नाव दिले. मात्र एक गोष्ट येथे विसरता कामा नये. त्या आरंभ नेहमी शरीरापासून करीत. ज्याच्या हाडांत आग पडली आहे त्याच्याशी आत्म्याच्या गोष्टी बोलू नयेत, एवढे व्यवहारज्ञान त्यांना परिचारिकेच्या धंद्याने दिले होते.

इकडे घरासाठी निधी जमविणे चालूच होते. अखेर जुलै १९६७ मध्ये लंडनच्या दक्षिणेस सिडनम येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा रक्षक मानला जाणारा संत. धर्मशाळेला ते नाव शोभणारेच होते. खाटा चोपन्न. प्रवेशद्वाराजवळ टास्माची खिडकी, साध्या काचेची. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, येथील परिचारिका रोग्यांच्या घरी जाऊ लागल्या. कारण बहुतेकांना मरण आपल्याच घरी यावे असे वाटे, आणि घराने हॉस्पिसकडे येण्यापेक्षा हॉस्पिसने घराकडे जाणे अधिक सोयीचे होते.

सेंट ख्रिस्तोफर्समध्ये आरंभी हेरॉइन वापरीत. इंग्लंडात ते औषध म्हणून कायदेशीर होते. पुष्कळ देशांत नव्हते. सिसिलीबाईंचा स्वतःचा समज असा होता की, पोटातून देण्यास मॉर्फीनपेक्षा तेच बरे. तथापि १९७० नंतरच्या दशकात त्यांच्याच हाताखाली रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी दोन्ही औषधांची पद्धतशीर तुलना केली आणि पोटातून दिल्यास दोहोंत महत्त्वाचा फरक नाही असे दाखविले. सिसिलीबाईंनी आपला समज सोडून दिला. संस्थापकाच्या मताविरुद्ध त्याच्याच संस्थेत पुरावा निघावा आणि संस्थापकाने तो मान्य करावा, ही गोष्ट धर्मादाय संस्थांच्या इतिहासात क्वचितच आढळते. तिचा व्यावहारिक परिणामही मोठा झाला. जेथे हेरॉइनला बंदी होती तेथेही हे काम आता साध्या मॉर्फीनवर चालू शकणार होते. १९७५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे बाल्फर माउंट या शस्त्रवैद्याने मोठ्या रुग्णालयाच्या आतच असा विभाग उघडला. तेथील फ्रेंच भाषेत ‘हॉस्पिस’ म्हटले की अनाथालयाचा वास येई. म्हणून त्याने त्याला ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द लावला. लॅटिनमध्ये ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर पांघरण्याचे वस्त्र. पुढे १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर जी पुस्तिका काढली तिच्यात औषध तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे आणि पायरीपायरीने वाढवावे असे तीन नियम घातले. सेंट ल्यूक्सच्या परिचारिकांचे घड्याळ अशा रीतीने सर्व जगाच्या भिंतीवर लागले.

सर्व जगाच्या म्हटले खरे, पण भारताच्या बाबतीत कथा वाकडी आहे. अफू आणि आपला प्रांत यांचे नाते जुने. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि त्या व्यापारातून मुंबईत मोठमोठ्या इस्टेटी झाल्या. १८४५ मध्ये उघडलेले जमशेटजी जिजीभाई रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले त्या जमशेटजींच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. स्वातंत्र्यानंतरही सरकारी परवान्याने अफूचे पीक निघत राहिले, आणि औषधासाठी लागणारी अफू भारत परदेशांस विकीत राहिला. अशा देशात १९८५ मध्ये मादक द्रव्यांविषयी कडक कायदा झाला. त्याचा रोख चोरट्या व्यापारावर होता. औषध बंद करण्याचा हेतू नव्हता. पण त्यातील शिक्षा जबर, आणि परवान्यांचे नियम प्रांतागणिक निराळे. एका मॉर्फीनसाठी चार चार परवाने, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. पुढल्या बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय उपयोग पूर्वीच्या दहाव्या हिश्शाइतकाही उरला नाही. ज्या नव्या डॉक्टरांनी या काळात शिक्षण घेतले त्यांच्यापैकी पुष्कळांनी ते औषध डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

आणि याच काळात, १९८६ मध्ये, मुंबईस वांद्रे येथे कर्करोगाचे शस्त्रवैद्य डॉ. लुइस जोझे डिसोझा यांनी ‘शांती आवेदना’ हे भारतातील पहिले हॉस्पिस उघडले. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावहून रोगी येत. उपचार थांबले की त्यांना जाण्यास जागा नसे. मुंबईच्या खोलीत मरणाऱ्याला स्वतंत्र कोपरा कोठून मिळणार? वांद्र्याच्या या घरात जातधर्म न पाहता आणि पैसा न घेता त्यांना ठेवून घेत. नंतर गोव्यात व दिल्लीसही त्याच्या शाखा झाल्या.

केरळात मार्ग निराळा पडला. १९९३ मध्ये कालिकत येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांचे स्नेही यांनी एक संस्था काढली. वस्तुतः राजगोपाल भूल देणारे डॉक्टर. तेथे खाटांची फारशी मांडामांड झाली नाही. शेजारपाजारच्या लोकांना, शिक्षकांना, दुकानदारांना, विद्यार्थ्यांना थोडेसे शिक्षण देऊन परिचारिकांबरोबर घरोघर पाठविण्यात आले. आळीत कोण अंथरुणास खिळला आहे हे डॉक्टरपेक्षा दुकानदाराला आधी कळते, या साध्या गोष्टीवर ही सारी योजना उभी होती. जखमा धुणे, कूस बदलणे, तांदूळ पोहोचविणे ही कामे शेजाऱ्यांनी करावी. मॉर्फीनची गोळी व तिचे वेळापत्रक डॉक्टरने लिहून द्यावे. पण ती गोळी मिळण्यासाठी त्याच डॉक्टरांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. १९९८ मध्ये केंद्र सरकारने प्रांतांना नियम सोपे करण्याविषयी लिहिले. केरळने ते केले, बहुतेकांनी केले नाही. २००८ मध्ये केरळ सरकारने अशा शुश्रूषेचे धोरण ठरविले. अखेर २०१४ मध्ये संसदेने मूळ कायदा दुरुस्त केला आणि मॉर्फीनसारख्या अत्यावश्यक औषधांपुरते नियम साऱ्या देशासाठी एक केले. कायद्याला जन्म देऊन एकोणतीस वर्षे झाली होती.

सिसिलीबाई तोवर हयात नव्हत्या. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांना कर्करोगानेच मरण आले. त्या सेंट ख्रिस्तोफर्समध्येच, आपणच उभारलेल्या घरातील एका खाटेवर होत्या, आणि त्यांच्या औषधाची वेळ पाहणाऱ्या परिचारिका तेथेच शिकून तयार झालेल्या होत्या.